खुर्ची बदलली, मान तशीच

ऑस्ट्रेलियाच्या सरकारी टेलिफोन खात्यात, म्हणजे टेलिकॉम ऑस्ट्रेलियात, १९८१ ते १९८५ या पाच वर्षांत हात, मनगट, खांदा नाहीतर मान दुखत असल्याच्या ३,९७६ तक्रारी नोंदल्या गेल्या. कार्यालयांत नवे कीबोर्ड येत होते, तेव्हा सगळ्यांनी बोट दाखवलं ते कीबोर्डकडेच. दुखण्याला नावही तसंच पडलं: रिपिटिशन स्ट्रेन इंज्युरी, थोडक्यात आरएसआय. एकच हालचाल पुन्हापुन्हा केली की स्नायू थकतो, दुखावतो, असा सरळ हिशोब. मग खात्याचे डॉक्टर ब्रूस हॉकिंग यांनी कोणत्या कामावरच्या लोकांना किती त्रास होतो ते मांडून पाहिलं, आणि हिशोब उलटाच निघाला. तारा पाठवणारे ऑपरेटर तासाला बारा हजारांपर्यंत कळा दाबत; त्यांच्यात पाच वर्षांत दर हजारी ३४ तक्रारी. टेलिफोन ऑपरेटर तासाला जेमतेम काहीशे कळा दाबत. त्यांच्यात दर हजारी ३४३. ज्यांची बोटं कमी चालली, त्यांचे हात दसपट दुखले.

यावरून दोन तट पडले. एका तटाने आजारच खोटा ठरवला. भरपाईसाठी केलेलं सोंग म्हणे. त्याला ‘कांगारूचा पंजा’ असं टिंगलीचं नावही मिळालं. तक्रार करणाऱ्यांत बायकांचा भरणा मोठा होता, त्यामुळे टिंगल आणखी सोपी झाली. दुसरा तट कीबोर्डला धरून बसला. पण १९८५ नंतर तक्रारी झपाट्याने ओसरल्या आणि कीबोर्ड मात्र कुठे गेले नाहीत. उलट वाढतच गेले. नुसत्या कळा मोजून कोडं सुटत नव्हतं आणि ‘नाटक’ म्हणून झटकूनही सुटत नव्हतं. दुखत होतं हे खरंच होतं. कशाने, ते बोटांच्या पलीकडे जाऊन शोधायला हवं होतं.

आपल्याकडे हे पाहायचं तर एखाद्या सहकारी बँकेच्या शाखेत, काउंटर बंद झाल्यावर पाहावं. कॅशियर रोख जुळवत असतो. पाचशेची बंडलं, शंभराच्या सुट्या नोटा, दहाच्या फाटक्या, चिल्लर. स्क्रीनवरचा आकडा आणि ड्रॉवरमधली रक्कम यांत दोन हजारांचा फरक. हाताला जड असं काहीच नाही. नोटांचं वजन ते किती! पण माणसाकडे बघा. खांदे कानांकडे चढलेले, हनुवटी पुढे आलेली, दाढा आवळलेल्या, श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळतोय. रोख कमी भरली तर ती खिशातून घालायची, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. अर्ध्या तासाने एक व्हाउचर दोनदा टाकलेलं सापडतं, तो हुश्श करतो, चहा मागवतो. खांदे मात्र लगेच खाली येत नाहीत. मार्च एंडला हाच प्रकार रात्री दहापर्यंत चालतो, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ‘मान धरलीये’ म्हणत निम्मी शाखा मलम चोळत असते.

या कॅशियरचं वर्णन तीनशे वर्षांपूर्वी इटलीत लिहून झालेलं आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कामगारांच्या आजारांवर १७०० साली एक ग्रंथ लिहिला. या विषयावरचा तो पहिला मोठा ग्रंथ. १७१३ साली त्यात भर घालताना त्याने कारकुनांना एक प्रकरण दिलं आणि त्यांच्या दुखण्याची तीन कारणं सांगितली. एक, सतत बसणं. दोन, हाताची एकाच दिशेने अखंड चाललेली हालचाल. आणि तीन, मनावरचा ताण: वह्या चुकांनी बिघडू नयेत, बेरीज-वजाबाकीत गफलत होऊन मालकाचं नुकसान होऊ नये, याची धास्ती. पहिली दोन कारणं आज प्रत्येक ऑफिसातल्या आरोग्याच्या पोस्टरवर असतात. तिसरं वाटेत कुठेतरी गळालं. मला वाटतं, ते मुद्दामच गळालं असावं. कारण त्याचं खापर खुर्चीवर फोडता येत नाही.

धास्तीचा आणि खांद्याचा संबंध काय, हे समजायला स्नायूच्या आत डोकवावं लागतं. कवटीच्या मागच्या बाजूपासून खांद्यापर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला एक मोठा स्नायू आहे, ट्रॅपेझियस. ‘खांदे भरून आलेत’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा यानेच डोकं वर काढलेलं असतं. त्यातले तंतू गटागटाने काम करतात आणि प्रत्येक गटाला हुकूम देणारी एकेक चेतापेशी असते. सगळे गट एकदम कामाला लागत नाहीत. अमेरिकी शास्त्रज्ञ एलवुड हेनेमन यांनी दाखवून दिलं की आधी लहान गट जुंपले जातात. जोर जास्त लागला तरच मोठे येतात. काम संपताना उलट क्रम: मोठे आधी मोकळे होतात, लहान सर्वांत शेवटी.

१९९१ साली स्वीडनच्या योरान हेग यांनी यावरून एक कल्पना मांडली. हे लहान गट म्हणजे एकत्र कुटुंबातली धाकटी सून. सगळ्यांच्या आधी उठायचं आणि सगळ्यांची निजानीज झाल्यावर पाठ टेकायची. हेग यांनी अर्थात त्यांच्याकडचं नाव दिलं, सिंड्रेला. जड पोतं वाहणारा हमाल पोतं टाकतो तेव्हा त्याचा स्नायू सगळाच्या सगळा सैल पडतो. माऊसवर हात ठेवून स्क्रीनकडे डोळे लावणाऱ्याचा स्नायू जोर लावतो अगदी थोडा, पण तो सोडतच नाही. म्हणजे तेच तेच लहान गट सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबतात, त्यांना रक्तपुरवठा पुरत नाही, ते आतून बिघडू लागतात. आपल्याला जोर लावल्याची जाणीवही नसते, म्हणून थकवा कशाचा तेही कळत नाही. हे अजून गृहीतकच आहे, आणि दुखणाऱ्या सगळ्यांचं दुखणं त्यात बसत नाही. तरी हातात आलेले पुरावे त्याच्या बाजूने झुकतात.

नॉर्वेतला एक पुरावा मला फार बोलका वाटतो. पॅकिंगचं हलकं काम करणाऱ्या स्त्रियांच्या ट्रॅपेझियसवर इलेक्ट्रोड चिकटवून त्यातली विद्युत-हालचाल नोंदली गेली. तीत अधूनमधून अगदी छोट्या फटी दिसतात. सेकंदाचा पाचवा भाग, कधी थोडा अधिक. तेवढ्यापुरता स्नायू शून्यावर येतो. बाईला त्याचा पत्ताही नसतो. कोणाच्या नोंदीत अशा फटी भरपूर, कोणाच्या नोंदीत तुरळक. पुढच्या काळात ज्यांना मान-खांद्याचा आजार जडला, त्यांच्या नोंदीत फटी कमी होत्या. म्हणजे किती जोर लावला यापेक्षा किती वेळा सोडला, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा निघाला. हा अभ्यास १९९३ सालचा.

आता या फटी बुजतात कशाने? पुनरावृत्तीने बुजतात, वाकडं बसण्यानेही बुजतात; आणि मनाच्या ताणाने तर हात न हलवताही बुजतात. स्टॉकहोममध्ये उल्फ लुंडबर्ग यांनी स्त्रियांना प्रयोगशाळेत बसवून तोंडी गणितं घातली. रंगांची ती प्रसिद्ध चाचणी दिली: ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो आणि आपण शाईचा रंग सांगायचा असतो. हात स्थिर, खांद्यावर ओझं काहीच नाही. तरी ट्रॅपेझियसमधली हालचाल वाढली; रक्तदाब आणि ताणाची संप्रेरकंही वाढली. पुढे त्यांनी सुपरमार्केटमधल्या ७२ कॅशियर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या ज्यांना मान-खांदेदुखी होती, त्यांचा स्नायू कामावर असताना जास्त ताठ सापडला, आणि घरी गेल्यावरही आपण सैल होत नाही असं त्या सांगत होत्या.

कमरेचं गणित थोडं वेगळं, पण शेवट तोच. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात विल्यम मॅरस यांनी २५ जणांना खोकी उचलायला लावली. खोकी तीच, उंची तीच. पहिल्या फेरीत प्रयोग घेणारा मनमिळाऊ, ‘छान चाललंय’ म्हणणारा. नंतरच्या फेरीत तोच माणूस चिडका, खोट काढणारा. दुसऱ्या फेरीत पुष्कळांच्या मणक्यावरचा भार वाढला. ताणाखाली पोटाचे आणि पाठीचे स्नायू एकाच वेळी आवळले जातात, उचलण्याची लय बिघडते, आणि वजन न वाढताही मणका दाबला जातो. सगळ्यांवर सारखा परिणाम झाला नाही. अंतर्मुख स्वभावाच्या लोकांवर तो जास्त दिसला. ‘साहेब मागे उभे राहिले की माझी कंबर धरते’ असं कोणी म्हणालं तर हसण्याआधी हा प्रयोग आठवावा.

ताण म्हणजे तरी नेमका कोणता? काम खूप आहे, एवढंच त्याचं उत्तर नाही. कामाच्या डोंगराखाली मजेत जगणारे लोक आपण पाहतो. रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकी अभ्यासकाने १९७९ साली मांडलं की घातक असते ती जोडी: मागणी मोठी आणि मुखत्यारी शून्य. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरवर दडपण कमी नसतं, पण कात्री कधी मागायची ते तो ठरवतो. कॉल सेंटरमधल्या मुलीचा पुढचा कॉल कधी येणार, किती मिनिटांत संपवायचा, ग्राहकाने शिव्या दिल्या तरी कोणतं वाक्य बोलायचं, हे सगळं दुसऱ्याने ठरवलेलं असतं. पुढे जर्मनीच्या योहानेस सीग्रिस्ट यांनी त्यात आणखी एक गोष्ट घातली: जीव ओतायचा आणि बदल्यात मोबदला, मान, नोकरीची हमी यांपैकी काही पदरात पडत नाही, ही तफावत. आपल्या अंगणवाडी सेविकेला हे समजावून सांगावं लागणार नाही. मुलांची वजनं, गरोदर बायकांच्या भेटी, ॲपवरच्या नोंदी, सर्व्हरची रड, आणि महिन्याच्या शेवटी हातात पगार नव्हे, मानधन.

अमेरिकेतल्या यूएस वेस्ट या टेलिफोन कंपनीत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ५३३ कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. साधारण पाचातल्या एकाला मान, खांदा किंवा हाताचं दुखणं होतं. त्याच्याशी कशाचा संबंध निघाला? कामाचा वाढता रेटा, कामाचे अचानक येणारे लोंढे, स्वतः निर्णय घेण्याची मुभा नसणं, आणि आपली जागा संगणक घेईल ही भीती. आज पुण्यातल्या आयटी पार्कमध्ये बसणाऱ्या कोणालाही यातली शेवटची ओळ जुनी वाटणार नाही.

इथे चौकस वाचक विचारेल: आधी काय, काम नकोसं वाटणं की पाठ दुखणं? पाठ दुखत असेल तर काम नकोसं वाटणारच. शंका रास्त आहे. म्हणूनच बोइंगच्या विमान कारखान्यातला अभ्यास महत्त्वाचा ठरतो. त्यात ३,०२० कामगारांची तपासणी आणि विचारपूस आधी करून ठेवली आणि मग काही वर्षं वाट पाहिली. १९९१ साली स्टॅन्ली बिगोस आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापले. कामात जवळजवळ कधीच मन रमत नाही असं आधी सांगणाऱ्यांनी पुढे पाठदुखीची तक्रार करण्याची शक्यता, काम नेहमी आवडतं म्हणणाऱ्यांच्या अडीचपट. शरीराच्या तपासणीतून मिळालेली मापं यापुढे फिकी पडली. यावरून पाठदुखी मनाची असते असा अर्थ काढणारे पुष्कळ निघाले, आणि तो चुकीचा आहे. तक्रार करणाऱ्या प्रत्येकाची पाठ खरोखरच दुखत होती. त्या पाठीपर्यंत वाट कुठून जाते, एवढंच त्या आकड्यांनी दाखवलं.

एक वाट स्नायूंतून जाते, ती पाहिली. दुसरी मेंदूतून. वेदनेचे संदेश पाठीच्या कण्यातच अडवले किंवा वाढवले जाऊ शकतात, हे रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं, तेव्हापासून वेदनेकडे पाहण्याची नजर बदलली. चिंता, धास्ती आणि विशेषतः मोडलेली झोप यांनी या संदेशांचा आवाज मोठा होतो. रात्रपाळी आणि सकाळपाळी आठवड्याआड बदलणाऱ्या माणसाचं अंग आंबून जातं ते उगाच नाही. झोप तोडली की निरोगी माणसालाही तोच स्पर्श जास्त दुखतो. दुखलं की हालचाल टाळली जाते, टाळल्याने स्नायू दुबळे होतात, दुबळ्या स्नायूला थोडंसं कामही जड होतं. असे महिने गेले की मूळ कारण कोणतं होतं हे दुखणाऱ्यालाही सांगता येत नाही.

याच टप्प्यावर एमआरआय होतो आणि ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गादी सरकलीये’ ही वाक्यं घरात येतात. पाठ अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली पाहिलं गेलं. विशीतल्या ३७ टक्क्यांच्या मणक्यातल्या चकत्या झिजू लागलेल्या होत्या, पन्नाशीत ८० टक्क्यांच्या. यांतल्या कोणाचंच काही दुखत नव्हतं. झीज म्हणजे बऱ्याचदा पिकलेले केसच. फरक इतकाच की केसांचा रिपोर्ट कोणी हातात देत नाही. रिपोर्ट वाचून घाबरलेला माणूस मात्र वाकायचं सोडतो, पट्टा लावतो, आणि खरोखरच ताठरतो.

सांध्यांच्या बाबतीत थोडं जपून बोलायला हवं. जबड्याच्या सांध्याचा ताणाशी संबंध सरळ आहे: दिवसा दाढा आवळायच्या, रात्री झोपेत कराकरा चावायच्या, आणि सकाळी तोंड उघडताना कानापाशी कळ. पण गुडघ्याची झीज साहेबामुळे होत नाही. संधिवात ताणामुळे जन्माला येतो असंही म्हणता येत नाही, जरी असलेला संधिवात ताणाच्या काळात उफाळल्याचं रुग्ण सांगतात. आणि काही दुखणी अशी असतात की त्यांना ‘टेन्शनमुळे’ म्हणून गप्प करणं महागात पडतं. सांधा सुजलेला, गरम लागणारा. सकाळचा ताठरपणा अर्धा-पाऊण तास टिकणारा. ऐन तारुण्यात पहाटे जाग आणणारी आणि हालचाल केल्यावर उतरणारी कंबरदुखी. सोबत ताप किंवा वजन घटणं. हातापायातली ताकद कमी होणं. लघवीवरचा ताबा सुटणं किंवा मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा येणं, हे तर त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याचं कारण. बायकांच्या बाबतीत ‘घरचं काही टेन्शन आहे का?’ या प्रश्नावरच तपासणी संपते, हे आपल्याकडे सर्रास घडतं. ताणाचं नाव घेऊन तपासणी टाळणं आणि यंत्राचं नाव घेऊन ताण टाळणं, दोन्ही आळसच.

मुंबईचा एक धागा इथे जोडण्यासारखा आहे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००८ साली मुंबईतले कारखाना-कामगार आणि कार्यालयीन कर्मचारी यांची तुलना ब्रिटनमधल्या तशाच कर्मचाऱ्यांशी केली. ब्रिटनच्या गटांत भारतीय उपखंडातून आलेलेही होते. अंगमेहनत करणाऱ्या मुंबईकरांत अशा दुखण्यांच्या तक्रारी इतरांपेक्षा कमी निघाल्या, आणि आरएसआयसारखा काही आजार असतो हे त्यांनी ऐकलेलंही कमी होतं. दुखण्याबद्दल आजूबाजूला काय बोललं जातं, याचाही दुखण्यात हात असतो असा त्याचा एक अर्थ. मला मात्र त्यात थोडी भीतीही दिसते. रोजंदारीवरचा माणूस ‘दुखतंय’ म्हणाला तर त्याचा खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

मग करायचं काय? खुर्ची नीट हवी, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला हवा, याबद्दल वाद नाही. पण तेवढ्यावर भागत नाही. दुखऱ्या स्नायूला विश्रांतीपेक्षा वेगळं काम बरं वाटतं, हे डेन्मार्कमध्ये २०११ साली छान दिसलं. मान-खांदे दुखणाऱ्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांपैकी काहींना रबरी पट्टा दिला आणि दोन्ही हात बाजूने खांद्यापर्यंत उचलायचा व्यायाम सांगितला. आठवड्यातून पाच दिवस, रोज फक्त दोन मिनिटं. दहा आठवड्यांत दुखणं लक्षणीय घटलं. रोज बारा मिनिटं करणाऱ्यांनाही साधारण तेवढाच फायदा झाला. स्नायू आवळून मग जाणीवपूर्वक सोडण्याची एडमंड जेकबसन यांची शिथिलीकरणाची पद्धत १९२९ पासून पुस्तकात आहे, तीही बऱ्याच जणांना उपयोगी पडते. ताठलेपण कळलं तरच सोडता येतं.

पण ही झाली माणसाने स्वतःवर करायची कामं, आणि सगळा भार पुन्हा त्याच्याच खांद्यावर टाकणं मला पटत नाही. टार्गेट तेच ठेवून शुक्रवारी चार वाजता योगासनांचा वर्ग भरवायचा, आणि त्याला न येणाऱ्याचं नाव लिहून घ्यायचं, हा प्रकार काही कार्यालयांत चालतो. त्यापेक्षा अमेरिकेच्या आयकर खात्यात डेटा एंट्री करणाऱ्यांवर झालेला प्रयोग पाहावा. त्याचे निष्कर्ष २००० साली छापले गेले. नेहमीच्या पंधरा मिनिटांच्या दोन सुट्ट्या होत्याच. त्यात, ज्या तासांना सुट्टी नव्हती त्या प्रत्येक तासाला पाच मिनिटांची सुट्टी जोडली. दिवसाला एकूण वीस मिनिटं जादा. अंगदुखी आणि डोळ्यांचा त्रास कमी झाला. वीस मिनिटं कमी बसूनही कामाचा आकडा घसरला नाही. ही सुट्टी वेळापत्रकातच होती. ती कोणाकडे मागावी लागत नव्हती. आपल्याकडच्या कॉल सेंटरमध्ये बाथरूमला जायचं तरी सिस्टिममध्ये ब्रेक टाकावा लागतो, त्याची मिनिटं मोजली जातात आणि महिन्याच्या रेटिंगमध्ये वजा होतात. पाच मिनिटं तिथेही मिळतात, फक्त ती घेताना खांदे खाली येत नाहीत.